चांदबिबी गादीवर होती की गादीमागे? खुत्बा, सिक्का आणि मोहोर

जाईजुई:
इस्लामी इतिहासातल्या राज्यकर्त्या स्त्रियांची यादी जालावर सतत फिरत असते. रझिया, शजरतुद्दुर, चांदबिबी, नूरजहाँ, भोपाळच्या बेगमा, सगळ्या एकाच ओळीत उभ्या. मला हे पटत नाही. रझिया स्वतः तख्तावर बसली, चांदबिबीने भावाच्या नातवाच्या नावाने कारभार पाहिला आणि नूरजहाँचा नवरा जिवंत असून बादशहा होता. तिघींची सत्ता खरीच, पण तिची जात वेगळी. मग कोण कुठे बसते हे ठरवायला त्या काळातली कसोटी काय होती? आणि त्या कसोटीवर आपली नगरची चांदबिबी कुठे उतरते? दखनी इतिहासाचे जाणकार इथे आहेत, सविस्तर लिहा.

टंकसाळ:
कसोटी त्या काळानेच ठरवून ठेवली आहे. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मिंबरावरून खुत्बा वाचतात, त्यात कुणाचे नाव येते आणि नाण्यावर कुणाचे नाव आहे. नवा राजा आला की पहिल्या काही दिवसांत या दोन गोष्टी बदलायच्या. बंडखोरही तेच करायचा. त्यामुळे नाव कुठे आले हा मानपानाचा मुद्दा नव्हता, ते राज्यारोहणच होते.

या मापाने रझिया (१२३६ ते १२४०) पूर्ण उतरते. पार लखनौतीच्या, म्हणजे बंगालच्या टांकसाळीत पडलेल्या चांदीच्या टंकांवर तिचा 'जलालतुद्दुनिया वद्दीन' हा किताब आहे. दिल्लीपासून इतक्या लांबच्या सुभ्यात तिच्या नावाचे चलन पडले, याचा अर्थ तिथल्या सुभेदाराने तिला मानले.

शजरतुद्दुरचे नाणे याहून बोलके आहे. कैरोतली तिची कारकीर्द १२५० सालातली, जेमतेम ८० दिवसांची. दिनारावर तिचे स्वतःचे नाव नाहीच. तिथे आहे: मुस्तअसिमिया, सालिहिया, मुसलमानांची राणी, मलिक मन्सूर खलीलची आई. पहिला शब्द बगदादच्या खलिफा मुस्तअसिमशी नाते सांगतो, दुसरा वारलेला नवरा सालिह अय्यूबशी, आणि तिसरा आधार मुलाचा, जो लहानपणीच गेला होता. राज्यावरचा हक्क कुठून आणला ते त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या सोन्यावर लिहिलेले आहे.

नूरजहाँच्या नावाची नाणी आग्रा, लाहोर, पाटणा, सुरत अशा टांकसाळींतून जहांगीरच्या शेवटच्या वर्षांत निघाली. त्यावर फारसी द्विपदी आहे: शहा जहांगीरच्या हुकमाने, नूरजहाँ पादशाह बेगमच्या नावाने सोन्याला शंभर अलंकार चढले. म्हणजे नाव तिचे, पण हुकूम त्याचा. खुत्ब्यात मात्र तिचे नाव कधीच आले नाही आणि दरबारी इतिहासकार मुतमदखानाने हा फरक नोंदवून ठेवला आहे. तेव्हा जाईजुई ताई, नूरजहाँला वेगळ्या रांगेत ठेवायचे हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

नाणी तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. ठसा मोठा आणि चकती लहान असायची, म्हणून कडेचा मजकूर बहुतेक वेळा चकतीबाहेर जातो. नेमके टांकसाळीचे नाव आणि हिजरी साल तिथेच असते. एका नाण्यावरून निष्कर्ष काढू नका. त्याच प्रकारची चार-पाच नाणी शेजारी ठेवली की तुटलेला मजकूर जुळतो. आणि साल मिळाले की टांकसाळी मोजा. एकाच टांकसाळीत एकाच वर्षी पडलेले नाणे आणि पाच टांकसाळींत चार वर्षे पडलेले नाणे यांचे वजन सारखे धरता येत नाही.

दफ्तरदार:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण नुसत्या खुत्बा-सिक्क्यावर विसंबलात तर दोन्ही बाजूंनी फसाल. इराणातल्या मंगोलांच्या इलखानी राज्याच्या पडत्या काळात, १३३८ मध्ये, चोबानी सरदार हसन कुचकने सती बेगला गादीवर बसवले. ती उल्जैतू सुलतानाची मुलगी. नाण्यांवर तिचे नाव 'न्यायी सुलताना' म्हणून आहे. पण फौज आणि खजिना हसनच्या हातात होता. पुढच्याच वर्षी त्याने सुलेमान नावाचा दुसरा वंशज शोधून गादीवर बसवला आणि सती बेगचे लग्न त्याच्याशी लावून दिले. शिराझच्या आबिश खातूनचे असेच. खुत्बा तिचा, नाणे तिचे, पण वसुलीवर मंगोल अंमलदार.

म्हणून तिसरी खूण धरावी: हुकमावर सही-मोहोर कुणाची उमटते आणि ती उमटवणारा हात कुणाचा. यातही शजरतुद्दुरच सर्वांत चांगले उदाहरण आहे, पण तिच्या ८० दिवसांचे नाही. त्याच्या आधीच्या तीन महिन्यांचे.

नोव्हेंबर १२४९. फ्रान्सचा राजा नववा लुई दमियेत्ता बंदर घेऊन नाईलच्या काठाने वर सरकतोय. सुलतान सालिह अय्यूब मन्सुऱ्याच्या छावणीत मरतो. वारस तुरानशहा दूर, वरच्या दजला खोऱ्यात हिस्न कैफाला. बातमी फुटली तर फौज पांगणार. शजरतुद्दुरने फक्त दोघांना विश्वासात घेतले, सेनापती फख्रुद्दीन आणि खोज्यांचा मुख्य जमालुद्दीन मुहसिन. प्रेत गुपचूप होडीतून कैरोजवळच्या रोदा बेटावरच्या किल्ल्यात गेले. तंबूत रोज सुलतानाचे ताट जात राहिले, आजारी असल्यामुळे भेट नाही असे सांगितले गेले. फर्मानांवर त्याची सही येत राहिली. काही अरबी ग्रंथ म्हणतात की सुलतानाचे अक्षर हुबेहूब काढणारा सुहैल नावाचा गुलाम होता, काही म्हणतात की सुलतानाने आधीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. मग त्याच सहीच्या जोरावर सरदारांकडून सुलतानाशी आणि तुरानशहाशी इमानाची शपथ घेतली, आणि एक स्वार हिस्न कैफाला रवाना झाला. फेब्रुवारी १२५० मध्ये फख्रुद्दीन लढाईत पडला तरी कारभार थांबला नाही.

या तीन महिन्यांत खुत्बा नवऱ्याचा, नाणे नवऱ्याचे, आणि तरी मिसरचा कारभार तिच्या हातात. उलट स्वतःच्या नावाने खुत्बा सुरू झाल्यावर तिची पकड ढिली होत गेली. दमिश्कच्या सरदारांनी शपथ नाकारली, खलिफाकडून मान्यता आली नाही, आणि शेवटी सरसेनापती ऐबकशी लग्न करून तिला गादी सोडावी लागली. दरम्यान लुईला सोडण्याचा करार मात्र तिच्याच काळात पुरा झाला: दमियेत्ता परत, दोन लाख लिव्र रोख आणि तेवढ्याच रकमेचा वायदा.

भुईकोट:
आता चांदबिबी. तिच्या नावाचे एकही नाणे नाही, खुत्ब्यात नाव नाही. कागदोपत्री ती राज्यकर्ती ठरत नाही. पण दफ्तरदारांची तिसरी कसोटी लावली तर चित्र पालटते, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बायको. लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण गेला आणि त्या सोयरिकीवरच तालिकोटची १५६५ ची आघाडी उभी राहिली. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आला. पहिला कारभाराचा अनुभव तिला विजापुरात मिळाला आणि तो कडू होता. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, हबशी सरदार इखलासखानाने सोडवले. मुखत्यार एकामागून एक बदलत गेले. ती नगरला परतली ती हे सगळे पाहून.

१५९५ मध्ये नगरला एकाच गादीचे चार दावेदार होते. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा उभा केला. इखलासखानाने (विजापूरचा नव्हे, नगरचा) दौलताबादकडे मोतीशहाला बसवले. अभंगखान हबशी म्हाताऱ्या शाह अलीच्या बाजूने. आणि चांदबिबीच्या मांडीवर बहादुर, तिच्या भावाच्या घराण्यातले तान्हे पोर. मियाँ मंजूने स्वतःचे पारडे जड करायला अकबराच्या मुलाला, मुरादला बोलावले, आणि नंतर पस्तावून किल्ला चांदबिबीवर टाकून बाहेर पडला.

वेढ्याचा भाग त्या काळचा दखनी इतिहासकार फिरिश्ता याने बारकाईने दिला आहे. मोगलांनी एका बाजूच्या बुरुजांखाली पाच सुरुंग नेले, त्यात दारू भरली, तोंडे दगड-चुन्याने बुजवली, फक्त वात जाण्याची वाट मोकळी ठेवली. सकाळी उडवायचे ठरले. रात्री मोगल छावणीतला ख्वाजा मुहम्मदखान शिराझी तटाखाली आला आणि आतल्यांना सुरुंगांच्या जागा सांगून गेला. चांदबिबीने स्वतः उभे राहून आतून उलटे खणायला लावले. उजाडेपर्यंत दोन सुरुंग निकामी झाले. तिसऱ्यातली, सर्वांत मोठ्यातली दारू काढत असतानाच मुरादने बत्ती दिली.

मुरादला मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमला श्रेय जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून त्याला न कळवताच फौज काढली होती. तट कोसळला, खणणारे कित्येक गाडले गेले, सरदार पळायच्या बेतात. चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा, हातात नागवी तलवार, खिंडारात उभी राहिली. पण मोगल लगेच चढले नाहीत. ते उरलेले सुरुंग उडायची वाट पाहत बसले, ते दोन तर आधीच रिकामे झाले होते. त्या मधल्या वेळात आतल्यांनी खिंडारावर तोफा आणल्या, खंदकात बाण, दारू, पेटते सामान टाकले. हल्ला झाला तो दुपारी उशिरा आणि अंधार पडेपर्यंत चालला. रात्रीतून तिने भिंत पुन्हा उभी करून घेतली.

पुढचे काम कागदाचे. बीडजवळ विजापूरचा सुहेलखान मदतीला आला होता, त्याला तिने पत्रे लिहिली. मोगलांच्या हाती ती पडली, त्यांनी वर 'लवकर या' असे आव्हान जोडून पुढे पाठवली. तो माणिकदौंडच्या डोंगरवाटेने निघाला. मोगल छावणीत दाणावैरण संपत आली होती, मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते. १५९६ मध्ये तह झाला: वऱ्हाड मोगलांना, बहादुरला निजामशहा म्हणून मान्यता. ही मान्यता तिने मिळवली, तिच्या नावाने नव्हे. मला तरी ही सत्ता रझियाच्या सत्तेपेक्षा कमी अस्सल वाटत नाही.

वेरूळवाट:
भुईकोट, उत्तम प्रतिसाद. दोन गोष्टी याला जोडून. गोळे संपल्यावर चांदबिबीने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफांत भरून मारले, ही कथा पुष्कळ ठिकाणी छापली जाते. ती बऱ्याच नंतरचा मोगल इतिहासकार खाफीखान याच्याकडे मिळते. घटनेच्या जवळच्या लेखनात ती नाही, तेव्हा पुरावा म्हणून वापरू नये. दुसरे, नगरजवळ शाह डोंगरावर जी अष्टकोनी इमारत 'चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवतात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. खरी जागा शोधायची तर भुईकोट किल्लाच पाहावा.

काझीवाडा:
धर्मशास्त्राची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. स्त्रीच्या राज्याविरुद्ध जो हदीस (पैगंबरांचे वचन) पुढे केला जातो तो अबू बक्रा या सहाबींकडून, म्हणजे पैगंबरांच्या सहकाऱ्याकडून आलेला, बुखारीच्या संग्रहात आहे: ज्या लोकांनी आपला कारभार स्त्रीकडे दिला त्यांचे भले होणार नाही. संदर्भ इराणच्या गादीवर किस्राची, म्हणजे तिथल्या बादशहाची, मुलगी बसल्याच्या बातमीचा. अबू बक्रांनी तो सांगितला उंटाच्या लढाईच्या प्रसंगी, ६५६ मध्ये, जेव्हा पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा रणात उतरल्या होत्या. दुसऱ्या बाजूला कुराणाच्या २७व्या सुऱ्यात सबाची राणी आहे, जी सरदारांचा सल्ला घेऊन निर्णय करते.

अकराव्या शतकातल्या कायदेपंडित मावर्दीने खलिफासाठी आणि काझीसाठी पुरुष असण्याची अट घातली, पण तिथेच नोंदवले की ज्या बाबतीत स्त्रीची साक्ष चालते त्या बाबतीत ती काझी होऊ शकते असे अबू हनीफा मानतात, आणि तबरी तर सरसकट मान्यता देतात. म्हणजे मतभेद पहिल्यापासून होता.

व्यवहारात वाट अशी निघाली की स्त्री स्वतः इमाम, म्हणजे खलिफा नाही, तर वरच्या सत्तेने नेमलेली प्रतिनिधी. ज्यांना अशी नेमणूक मिळाली त्या टिकल्या. शजरतुद्दुरला बगदादने ती दिली नाही. येमेनच्या अरवा सुलैहीला कैरोच्या फातिमी खलिफाने दिली आणि तिने पन्नासएक वर्षे राज्य केले. माझ्या मते सगळ्या यादीत सर्वांत भक्कम कारकीर्द तिचीच, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते.

जाईजुई:
काझीवाडा, अरवाविषयी अजून लिहाल का? खुत्बा, नाणे, मोहोर यांत ती कुठे?

काझीवाडा:
खुत्ब्यात आधी फातिमी खलिफाचे नाव, मग सुलैही राजाचे, मग तिचे, 'अल-हुर्रा' (स्वतंत्र, कुलीन स्त्री) म्हणून. तिच्या आधी सासू अस्मा बिन्त शिहाबचेही नाव असेच घेतले जायचे. नवरा मुकर्रम पक्षाघाताने अंथरुणाला खिळला तेव्हा कारभार तिच्याकडे आला. पहिला मोठा निर्णय राजधानी सनाहून जिब्लाला हलवण्याचा. कथा अशी सांगतात की तिने नवऱ्याला दोन्हीकडचे लोक बोलवायला लावले. सनाचे आले ते तलवारी-भाले घेऊन, जिब्लाचे आले ते मेंढ्या आणि तूप-मध घेऊन. कथा बाजूला ठेवली तरी हिशेब चोख आहे: जिब्ला सुपीक डोंगराळ भागात, आणि वर तअकरचा किल्ला, जिथे खजिना असायचा. ती हिवाळ्यात जिब्लाला, उन्हाळ्यात तअकरला राहायची. खजिन्याच्या किल्ल्यापासून लांब न जाणे, हे तिने पक्के पाळले.

नवरा गेल्यावर कैरोच्या मुस्तनसिर खलिफाने तिच्या नावाने पत्रे पाठवली, तिला 'हुज्जत' हा धर्मसंस्थेतला दर्जा दिला आणि हिंदुस्थानातल्या धर्मप्रचाराची देखरेखही सोपवली. ११३० मध्ये आमिर खलिफाचा खून झाला, कैरोत दुसरा वारस पुढे आला, तेव्हा तिने आमिरच्या तान्ह्या मुलाचा, तय्यिबचा पक्ष धरला आणि झुएब बिन मूसा यांना दाई मुतलक, म्हणजे पंथाचे सर्वोच्च प्रमुख, नेमले. मुंबईच्या भेंडीबाजारातल्या दाऊदी बोहरा समाजाची दाईंची परंपरा तिथून सुरू होते. ११३८ मध्ये ती वारली, तिने बांधलेल्या जिब्लाच्या मशिदीतच कबर आहे.

टंकसाळ:
यात एक सूत्र हाती लागते. अरवाला फौजेसाठी सरदारांवर अवलंबून राहावे लागले, पण खजिना, किल्ला आणि धर्मसंस्था या तीन गोष्टी तिने एकाच सरदाराच्या हाती कधी पडू दिल्या नाहीत. बाकीच्या कोसळल्या त्या बहुतेक सेनापतीपाशी. रझियाविरुद्ध तुर्की अमीर एकवटले, त्यांना हबशी याकूतची अमीर-ए-आखूर म्हणजे पागेचा मुख्य म्हणून झालेली नेमणूक खुपली. भटिंड्याच्या अल्तुनियाने बंड केले, ती कैद झाली, मग त्याच्याशीच लग्न करून दिल्लीवर चालून आली आणि १२४० मध्ये मारली गेली. शजरतुद्दुरने ऐबकशी लग्न केले, १२५७ मध्ये त्याला हमामात मारवले आणि काही दिवसांतच स्वतः मारली गेली. सेनापतीशी लग्न हा तोडगा दोघींच्याही कामी आला नाही, कारण लग्नानंतर सरदारांच्या लेखी गादी नवऱ्याची झाली.

वेरूळवाट:
सुमात्रातले आचे मात्र वेगळे निघाले. १६४१ ते १६९९ लागोपाठ चार राण्या, पहिली ताजुल आलम सफियतुद्दीन शाह, इस्कंदर मुदाची मुलगी. तिच्या नावाची सोन्याची नाणी आहेत. अब्दुर्रऊफ सिंगकिलीसारखा मोठा आलिम (धर्मपंडित) तिच्या पदरी, आणि तिच्या सांगण्यावरून त्यांनी मलयमध्ये न्यायशास्त्राचा ग्रंथ लिहिला. विधवा झाल्यावर तिने पुन्हा लग्न केले नाही. शेवटच्या राणीला हटवताना मक्केहून आलेल्या पत्राचा आधार घेतला गेला असे तिथली परंपरा सांगते.

भोपाळबद्दल एक दुरुस्ती: '१८१९ ते १९२६ सलग बेगमांचे राज्य' असे लिहितात, ते सलग नाही. १८३७ ते १८४४ जहांगीर मुहम्मदखान नवाब होता. आणि सिकंदर बेगम आधी मुलीच्या नावाने कारभारी होती, स्वतःच्या हक्काने गादी तिला १८६० मध्ये मिळाली.

भुईकोट:
टंकसाळांच्या सूत्रात चांदबिबीचा शेवट बसतो का पाहू. लग्नाचा प्रश्नच नव्हता. तिचा तोटा हा की किल्ला होता, पण फौज तिची नव्हती. १५९६ च्या तहानंतर पेशवा मुहम्मदखान शिरजोर झाला, मग अभंगखान. १६०० मध्ये अकबराचा मुलगा दानियाल चालून आला तेव्हा अभंगखान न लढताच जुन्नरकडे निघून गेला. चांदबिबीने किल्ल्यातल्या हमीदखानाला विचारले, तो लढू म्हणाला. सरदारांवर आता भिस्त ठेवता येत नाही, किल्ला देऊन बहादुरला घेऊन जुन्नरला निघून जावे, असा तिचा हिशेब होता. हमीदखान रस्त्यावर ओरडत सुटला की बाई मोगलांना फितूर झाली. दखनी शिबंदी तिच्या महालात घुसली आणि तिला मारले. थोड्याच दिवसांत मोगलांनी सुरुंगांनीच तट उडवून किल्ला घेतला, बहादुरची रवानगी ग्वाल्हेरला झाली.

तिची आई खुंझा हुमायूनही मुर्तझाच्या लहानपणी अशीच कारभारी होती, मग मुलानेच तिला कैद केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हुसेन निजामशहाच्या गौरवाची सचित्र फारसी हस्तप्रत आहे. त्यातल्या चित्रांत राजाशेजारी राणी काढलेली होती आणि नंतर तिच्यावर रंग फासून ती पुसली गेली. नाणी-फर्माने तपासताना असे खोडलेले पुरावेही धरावे.

जाईजुई:
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न विजापूरचा. अफझलखानाला पाठवले ते बडी साहेबीने की अली आदिलशहाने?

दफ्तरदार:
तिसरी कसोटीच इथे कामी येते. १६ जून १६५९ चे कान्होजी जेध्यांना आलेले फर्मान अली आदिलशहाच्या नावाचे आहे. बडी साहेबीचे, म्हणजे गोवळकोंड्याच्या घरातून आलेल्या राणी खदीजा सुलतानेचे, नाव त्यात नाही. पण त्याच वर्षी १० डिसेंबरला राजापूरच्या इंग्रज वखारीतून गेलेल्या पत्रात लिहिले आहे की एवढ्या बळाने शिवाजीशी टिकाव लागणार नाही हे राणीला ठाऊक होते, म्हणून तिने खानाला मैत्रीचे सोंग करायला सांगितले. फर्मानावर एक नाव, व्यापाऱ्यांच्या बातमीपत्रात दुसरे. विजापूरशी रोजचा संबंध असलेल्या परक्यांना निर्णय कुठे होतो ते कळत होते. म्हणून कारभारी राण्यांबद्दल शोधताना दरबारी कागदाशेजारी त्याच महिन्यांची इंग्रज, डच आणि पोर्तुगीज पत्रे ठेवून वाचायची, सोळाव्या शतकासाठी पोर्तुगीज आधी.